जान्हवीच्या मनगटावरचे वळ

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही — नवऱ्यापाशीही नाही. आता सांगतेय म्हणून कीव करू नका. नकोच आहे मला ती.

बी.ए. करून मी आर्वीहून वर्ध्याला आले, सिंदी मेघेत खोली घेतली आणि एका शाळेत स्वमग्न मुलांची मदतनीस म्हणून लागले. माझ्याकडे जान्हवी होती. नऊ वर्षांची. बोलायची नाही, पण बोटांनी सगळं चाचपून बघायची — भिंतीचा गिलावा, खिडकीचे गज, माझ्या ओढणीची किनार. लोक म्हणत, काय हो तुमचा धीर! शिक्षकदिनाला शालसुद्धा दिली त्यासाठी. मी घेतली. का नाही घेणार?

त्या दिवशी तिनं ‘क’ गिरवायचा होता. मुख्याध्यापिका बघायला येणार होत्या आणि मला — हो, मला — शाबासकी हवी होती. मी वही पुढे करायची, ती ढकलायची. चौथ्यांदा ढकलली तेव्हा मी तिचं मनगट धरून वहीवर दाबलं. ती ओढत राहिली. मी दाबत राहिले. सोडलं तेव्हा माझ्या चार नखांचे वळ उठले होते, एकातून रक्त येत होतं. ती रडली का? नाही. हाताकडे बघत बसली — नुसती.

शाळा सुटल्यावर तिची आई आली. “मॅडम, इच्या हाताले काय झालं?”

“स्वतःलाच चावलं तिनं,” मी म्हणाले. किती सहज निघालं तोंडातून!

“घरी त कधी नाई चावत. आज काऊन चावलं असन?” आणि वर मलाच म्हणाली, “तुमाले लय तरास देते न हे पोरगी.”

नोंदवहीत मी तेच लिहिलं. मग बैठक झाली, आणि जान्हवीच्या हातांत दिवसभर जाड मोजे घालायचे ठरले. वर्षभर मीच घातले ते, रोज सकाळी. ती भिंतीपाशी जायची, मोजा घासायची, परत यायची.

मी दमले होते, पगार थोडा होता, वय कमी होतं — सगळं खरं आहे, आणि त्यातलं काहीही मी पुढे करणार नाही. तिला बोलता येत असतं तर मी तिला तसं धरलं असतं का? नसतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

ती आता दुसऱ्या शाळेत आहे. तिच्या कागदांत माझ्या अक्षरात अजून लिहिलेलं आहे — ‘स्वतःला चावते.’

खोटं आहे ते. जान्हवी स्वतःला कधीच चावली नाही. एकदाही नाही.