साडूंचे सरकारी मासे

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत डासाला आदराने वागवणारा एकच माणूस जन्माला आला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बाकीचे लोक डास दिसला की टाळी वाजवतात. आमचे साडू श्वास रोखतात. हिवताप विभागात ते कीटक समाहारक होते. हे भारदस्त नाव ऐकून माझ्या सासऱ्यांनी थोरली मुलगी देऊन टाकली. जावई सरकारी पगारावर डास पकडतो हे त्यांना कळलं पहिल्या दिवाळसणाला, जेव्हा जावईबापू अभ्यंगस्नान अर्धवट टाकून, अंगाला उटणं तसंच, न्हाणीमागच्या भिंतीकडे धावले. हातात काचेची नळी होती. नळीचं एक टोक डासावर टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाची रबरी नळी तोंडात धरून हवा ओढायची, की डास अलगद आत. मधे जाळी असते, असं ते शपथेवर सांगत. तरी त्यांच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसताना माझा घास जरा अडखळायचाच.

ही नळी त्यांच्या खिशात पेनाच्या जागी असे. बिरवाडीला माझ्या मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. होणारे व्याही मोठे करारी गृहस्थ, डोक्याला चकचकीत टक्कल. याद्या वाचून होत होत्या, एवढ्यात साडू उठले, व्याह्यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "हलू नका. डोक्यावर मादी बसलीय." विहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. साडूंनी मादी नळीत ओढून उजेडाकडे धरली, निरखली आणि "आपली नाही," म्हणून निराश होऊन जागेवर येऊन बसले. 'आपली' म्हणजे हिवताप पसरवणारी. ती शेपूट वर करून बसते आणि बाकीच्या कुबड काढून बसतात, हे ज्ञान त्यांनी मग व्याह्यांना जिलेबीबरोबर दिलं. लग्न तरीही झालं, ही मुलीची पुण्याई.

कुणाच्या घरी गेले की ते आधी परसात जायचे, मग ओटीवर यायचे. पिंप, हौद, फुटका माठ, सगळ्यांत डोकावून झालं की मगच चहाला हात लावत. एकदा दोन्ही कुटुंबांनी रायगडला जायचं ठरवलं. हिरकणीवाडीत रोपवेच्या रांगेत आमचा नंबर लागला तेव्हा साडू बेपत्ता होते. ते एका पिठलं-भाकरीच्या टपरीमागे पाण्याच्या पिंपात मान घालून उभे होते आणि टपरीवाली बाई त्यांच्या पाठीवर उलथनं उगारून उभी होती. आम्ही गड पाहून खाली आलो तोवर पिंप घासून पालथं पडलं होतं आणि ती बाई साडूंना दुसरी भाकरी वाढत होती. लोकांना स्वतःच्या नादी लावायची ही त्यांची कला मात्र मला कधी साधली नाही.

त्यांचं खरं प्रेम गप्पी माशांवर. हे बोटाच्या पेराएवढे मासे पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातात. साडू ते दुधाच्या कॅनमधून गावोगाव नेत. पोलादपूरच्या एसटीत मी बरोबर होतो. कंडक्टरने मांडीवरच्या कॅनकडे बोट दाखवून विचारलं, "काय हाय त्यात?"

"सरकारी नोकर आहेत," साडू म्हणाले, "बदलीवर चाललेत."

"मंग त्यांचा पास दावा," कंडक्टर म्हणाला. दोघंही अजिबात हसले नाहीत. पोलादपूर येईपर्यंत कंडक्टरला त्याच्या घरच्या हौदासाठी चार मासे मिळाले होते.

मी महाडच्या शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून डासांची चित्रं काढण्याची वेठबिगारी माझ्याकडे आली. माझ्या डासाला एक पाय जास्त झाला तर साडू तो खोडरबराने स्वतः खोडत. पण पुढे काम चित्रांवरून आलेखांवर गेलं, कारण पुण्याहून आलेल्या एका शास्त्रज्ञ साहेबांनी त्यांच्या नोंदवह्या चाळून म्हटलं, "दोन वर्षांचे आकडे असेच नीट ठेवलेत तर यावर शोधनिबंध होईल. तुमचं नाव घालू." मॅट्रिकच्या पुढे न शिकलेल्या माणसाला हे सांगायला नको होतं. साडूंची झोप उडाली. आपलं नाव छापून येणार, तेही डासांच्या बाबतीत, यापलीकडे त्यांना आयुष्यात काही नको होतं.

प्रयोग साधा होता. पोलादपूरच्या वर डोंगरात, मधे एक खिंड सोडून, गुराढोरांवर जगणाऱ्या दोन वाड्या. दोन्हीकडे वापरायच्या पाण्याचं एकेक दगडी टाकं. अलीकडच्या वाडीच्या टाक्यात मासे सोडायचे, पलीकडच्या नाही. मग दर पंधरा दिवसांनी पहाटे दोन्हीकडच्या गोठ्यांत शिरून डास मोजायचे आणि तापाचे रोगी मोजायचे. गोळ्या दोन्ही वाड्यांना सारख्याच. अलीकडच्या वाडीची रेघ मी हिरवी काढायची, पलीकडची लाल. अलीकडच्या वाडीतल्या पोरींना तर साडूंनी पोटुशी मासोळी ओळखायलासुद्धा शिकवलं होतं.

पहिल्या वर्षी पाऊस सरता सरता लाल रेघ अशी चढली की साडू आनंदाने माझ्या घरी येऊन दोन कप चहा प्यायले. ती रेघ म्हणजे पलीकडच्या वाडीत गोधडीत कुडकुडणारी माणसं, हे त्या दिवशी मलाही सुचलं नाही. एका फेरीत तिथल्या म्हातारीने त्यांना अडवलं होतं. "आमाला पन दे की रे चार मासं."

"आजी, तुम्हाला दिले तर तुलना कशाशी करू? तुमची वाडी आहे तशीच राहायला हवी."

"आनि आमी ताप काडायचा?" म्हातारीने विचारलं. साडूंनी तिला गोळ्या दिल्या आणि वहीत तिचं नाव लिहिलं.

दुसऱ्या वर्षी पाऊस सरला तरी लाल रेघ चढेना. हिरवीच्या शेजारी ती मुकाट पडून राहिली. साडूंनी आधी स्वतःच्या चष्म्यावर संशय घेतला, मग नळीवर, मग माझ्या पट्टीवर. शेवटी "तुम्हीच मोजा," म्हणून मला डोंगरावर चढवलं. मला जिना चढायचा कंटाळा. मी दर वळणावर निसर्गसौंदर्य पाहायला थांबत होतो. पलीकडच्या वाडीत पोचताच चहा आला. टाकं वाडीच्या खालच्या अंगाला होतं. तिकडे निघालो तर एकाने आजारी म्हैस दाखवायला आणली. ती मजेत रवंथ करत होती. साडू म्हणाले, "गेले चार महिने असंच होतंय. टाक्याकडे निघालो की म्हैस आजारी पडते." आणि चहा तसाच ठेवून ते खाली उतरले.

टाक्यात मासे होते. शेकड्यांनी होते. साडू काठावर उकिडवे बसले. मागोमाग वाडी जमली. त्यातून एक नवी नवरी पुढे आली. ती अलीकडच्या वाडीची लेक, वैशाखात इथे दिलेली. त्या वाड्यांतली चाल अशी की लेकीने माहेरच्या टाक्याचं पाणी कळशीत भरून न्यायचं आणि सासरच्या टाक्यात ओतायचं, त्याशिवाय तिने तिथलं पाणी भरायचं नाही.

"मीच आनलं, माज्या कळशीतनं," ती खाली बघत म्हणाली. "पाच निवडून घेतलं. सगळी पोटुशी. शेपटीपाशी काळं दिसतं ती, तुमीच दावलं होतं. माहेरात कुनाला ताप नाय आनि हितं माजी नणंद दर वर्साला गोधडीत. तुमचा परयोग मोडला ना? चुकलं का माजं?"

"नाही गो," साडू म्हणाले. "बरोबर केलंस."

"तुला वायट वाटंल म्हून कुनी बोललं नाय," म्हातारी म्हणाली. "किती चा पाजला रे तुला."

साडूंनी तिथेच काठावर वही उघडली आणि लिहिलं: 'पलीकडच्या वाडीत मासे आले. तुलना संपली. कारण: लग्न.' तसंच ते पुण्याला कळवलं. पुण्याहून दोन ओळींचं सौजन्यपूर्ण पत्र आलं. निबंध झाला नाही, नाव छापून आलं नाही, आणि साडू पुढे कीटक समाहारक म्हणूनच निवृत्त झाले.

पण त्या दिवशी उतरताना मला हे काही ठाऊक नव्हतं. मला त्यांची कीव आली होती आणि मी आपलं शहाणपण चालवलं. म्हटलं, "साडूबुवा, कुणाला कळतंय? पहिल्या वर्षाचे आकडे आहेतच. दुसऱ्या वर्षाची लाल रेघ काय, मी काढेन तशी वर जाईल."

ते खिंडीतल्या एका दगडावर बसले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले, आणि पुसतच राहिले.

"त्या म्हातारीने मला तोंडावर विचारलं होतं हो," ते म्हणाले. "मी तिचं नाव वहीत लिहिलं. मासे माझ्याकडे कॅनभर होते. पाच पुरले असते."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. साडूच्या खांद्यावर असा हात ठेवण्याची आमच्याकडे रीत नाही, पण ठेवला, आणि ते उठेपर्यंत काढला नाही.