कापडाचं दार

अमरावतीहून मूर्तिजापूरजवळच्या एका शाळेत शिकवायला मी रोज जाते. सकाळी अकोल्याकडे जाणारी एक खाजगी बस ठरलेली. माझी जागा मागे, संकटकाळी उघडायच्या दाराला लागून. शेजारी खेड्यापाड्यांत भाजी विकणारी एक मावशी बसायची. त्या दाराच्या दांड्याला जाड तार गुंडाळलेली होती. मी तिला डब्याची पिशवी अडकवायचे, मावशी तिचा तराजू.

एकदा बडनेरा मागे पडलं आणि इंजिनातून भसाभस धूर आत आला. सगळे पुढच्या दाराकडे धावले, तिथेच अडकले. कुणीतरी ओरडलं, "मागचं दार उघडा!" मी दांडा ओढला. हलेना. मग मला तार दिसली. दोन वर्षं डोळ्यांसमोर होती, पण दिसली त्या क्षणी. तिच्यावर माझीच पिशवी लोंबकळत होती.

मावशीनं विळा काढून तारेवर घाव घातले. तार तुटली नाही. तेवढ्यात धूर कमी झाला. पाइप फुटला होता, आग नव्हती. सगळे खोकत उतरले, हसलेसुद्धा. मी मात्र रस्त्याकडेच्या गिट्टीवर बसून राहिले.

"मॅडम, आपून तं मेलोच असतो," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी शिवणाची टेप घेऊन गेले आणि दार मोजलं.

"काय मोजून राहिल्या?" कंडक्टर म्हणाला. "पडदा लावता का?"

"दार शिवते," मी म्हणाले. तो हसला.

नांदगाव पेठेला कपड्यांच्या कारखान्यात काम करणारी शेजारीण कातरण आणायची. ते तुकडे जोडून मी त्याच मापाचं दार शिवलं. लाल काठ, दोन बाजूंना बांबू, मधे एका गाठीनं बांधलेला पडदा. मावशी बसमध्ये टाके घालायची, पोत्याचं तोंड शिवावं तसे लांबलांब. वर मी भरतकामात अक्षरं काढली: ‘हे उघडतं. गाडीतलं उघडतं का?’

एका सोमवारी ते आम्ही थांब्यावर उभं केलं. लोक गाठ सोडून आरपार जाऊ लागले, गंमत म्हणून. एका म्हाताऱ्या बाबांनी आधी चपला काढल्या, मग गेले. बस आली तशी मावशी ड्रायव्हरला म्हणाली, "उतर भाऊ. आता तुयं उघडून दाखव."

ड्रायव्हर भला माणूस. हसतच पक्कड घेऊन आला, तार कापली, दांडा ओढला. काही नाही. पाय लावून ओढला. मग बाहेरून गेला आणि स्क्रूड्रायव्हरनं दाराच्या कडेचा रंग खरवडला. खाली वेल्डिंगची ओळ चमकली. दार चारी बाजूंनी सांधलेलं होतं.

कुणी हसलं नाही. त्या दिवशी मावशीच्या विळ्यानं तार तुटली असती तरी काय झालं असतं?

"तीन वर्सं झाली मी हेच गाडी चालवून राहिलो," ड्रायव्हर म्हणाला. "मले कोनी सांगतलंच नाही." किल्ली कंडक्टरकडे देऊन तो कडुनिंबाखाली जाऊन बसला. "मी नाई नेत हे गाडी."

कंडक्टरनं मालकाला फोन लावला, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा. मालक शांतपणे म्हणाला, "दार खडखडत होतं. पॅसेंजरच बोंबलत होते, म्हणून मारून घेतलं वेल्डिंग. त्यात काय झालं?"

तुटलेल्या बटणाबद्दल बोलावं इतक्या सहज. कुणी मुद्दाम आम्हाला मारायला निघालं असतं, तर मला संताप आला असता. इथे संतापायलाही काही सापडेना.

आठवडाभर ती बस आली नाही. आली तेव्हा नवं दार होतं. ड्रायव्हरनं आम्हा प्रत्येकाला ते उघडायला लावलं. मावशीनं दोनदा उघडलं.

मग ही गोष्ट ऐकून अकोल्याच्या काही शिक्षिकांनी आमचं कापडाचं दार त्यांच्या बसथांब्यासाठी मागून नेलं. चार दिवसांनी त्यांच्यातल्या एकीचा फोन आला.

"मॅडम," ती म्हणाली, "आमच्या गाडीचंही दार सांधलेलंच."