गेममधल्या बाजारातली आई
कलेत उतरलेला माणूस मरत नाही, असं थोर लोक सांगतात. आमची आई उतरली ती मोबाइलच्या गेममध्ये. झेंडूचा वास आला की मला ते आठवतं. आई नाशिकच्या फुलबाजारात झेंडू विकायची. गेम बनवणाऱ्या कंपनीतल्या माझ्या बहिणीने तिची आरोळी रेकॉर्ड करून गेममधल्या बाजारात गुपचूप लपवली. तिथल्या फुलांच्या दुकानापाशी मिनिटभर उभं राहिलं, तरच ती ऐकू यायची. दसऱ्याच्या संध्याकाळी उरलेल्या फुलांच्या ढिगाशेजारी बसून बहीण आईला ती ऐकवायला लागली. पण तिला गेम बनवता येत होता, खेळता येत नव्हता. मिनिट भरायच्या आत गेममधले दरोडेखोर येऊन ती खेळवत असलेल्या शिपायाला मारायचे. "भर बाजारात तलवारी घेऊन फिरतात मेले, कुणी हटकत नाय?" आई म्हणाली. मग म्हणाली, "राहू दे गं, पुढच्या सणाला ऐकू." पुढच्या सणाला आई नव्हती. तिचा दुसरा कुठलाच आवाज घरात नव्हता, म्हणून आम्ही चिकाटीने दरोडेखोर संपवले आणि दुकानापाशी उभे राहिलो. फुलं होती, आरोळी नव्हती. बहिणीने जुन्या ऑफिसात फोन केला. नव्या आवृत्तीत बाजारातला अनावश्यक गोंगाट काढून टाकला होता. गेम अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे; आता तो जागा कमी घेतो.