पाठ पुसताना

नर्सिंगच्या पहिल्या वर्षात आम्हाला सगळ्यात आधी बोलायला शिकवलं. पेशंटला हात लावण्याआधी सांगायचं. 'आजी, कूस बदलून देते हं.' 'आजोबा, पाणी थोडं गार लागेल.' पेशंट शुद्धीवर असो की नसो, कान शेवटपर्यंत जागे असतात, असं आमच्या ट्यूटर मॅडम सांगायच्या. मी वसईच्या वाडीत केळी आणि मोगऱ्यात वाढलेली, मुळातच बडबडी. शाळेचा बराच काळ मी वर्गाबाहेर उभी राहून काढला होता. इथे त्याच बडबडीचे मार्क मिळत होते, तेव्हा मी भलतीच खूश होते.

न सांगता करायची गोष्ट एकच होती, श्वास मोजणं. आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस आपोआप शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो आणि आकडा खोटा येतो. म्हणून नाडी बघितल्यासारखं मनगट धरून ठेवायचं, नजर घड्याळावर, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून छातीकडे बघायचं. माझ्या मनगटावर आत्याचं घड्याळ होतं. आत्या जन्मभर नर्स होती. तिचा पांढरा गणवेश दोरीवर वाळताना बघूनच मी हे ठरवलं होतं. निवृत्त झाल्यावर तिने ते सेकंदकाट्याचं घड्याळ मला दिलं आणि आईने ते अख्ख्या आळीला दाखवून आणलं. तेव्हापासून आळीत मला कोणी नावाने हाक मारेना. सगळे 'सिस्टर' म्हणायचे. कुणाला पडसं झालं तरी मला बोलावणं यायचं आणि मी ऐटीत जायचे.

दुसऱ्या वर्षी मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग लागलं. तिथे कामणकडच्या एका गावातली एक म्हातारी होती. लकवा होऊन आली होती, बोलणं गेलेलं, डोळे मिटलेले. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं की आता फार काही हातात नाही. तिची लेक दिवसभर स्टुलावर बसून असायची. त्या सकाळी मी स्पंजिंगला गेले तेव्हा लेकीचा चेहरा इतका ओढलेला होता की मीच म्हटलं, "तुम्ही चहा पिऊन या. मी आहे ना इथे."

ती गेली. मी पडदा ओढला, कोमट पाणी घेतलं आणि नेहमीसारखी सुरू झाले. तोंड पुसलं, हात पुसले. मग 'आजी, कुशीवर वळवते हं' म्हणून तिला पलीकडे तोंड करून वळवलं आणि पाठ पुसायला घेतली. बोलायला विषय हवा म्हणून मी तिला शेजारच्या कोंबड्याची गोष्ट सांगितली. तो रोज आमच्या बाबांच्या स्कूटरच्या सीटवर येऊन बसतो. बाबा हाकलायला गेले की मान तिरकी करून त्यांच्याकडेच बघतो, जशी काही गाडी त्याच्या नावावर आहे. एक दिवस बाबांनी वैतागून कोंबड्यासकट स्कूटर सुरू केली. वाटलं, उडेल. तो हलला नाही. बाबा बाजारापर्यंत गेले आणि कोंबडा मागे बसून सगळ्या वाडीकडे बघत गेला.

हे सांगता सांगता मी पाठ कोरडी केली, पावडर लावली, गाऊन बदलला. तिचे केस अजून दाट होते, गादीवर घासून गुंता झाला होता. तिला तशीच कुशीवर ठेवून मी हळूहळू गुंता सोडवला आणि वेणी घातली. गोष्ट संपली तेव्हा मी एकटीच हसले. मग इनचार्ज सिस्टर पडद्याआड आल्या. त्यांनी तिच्या मानेशी बोटं ठेवली, तिला उताणी केली, डोळे उघडून टॉर्च मारला आणि माझ्याकडे बघितलं. ती गेली होती.

माझी चूक नाही हे मला सगळ्यांनी सांगितलं. इनचार्जनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, मॅडमनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं. आदल्या दिवसापासून श्वास तुटतच चालला होता, कोणाला काही करता आलं नसतं. ते मला पटलंही होतं. मला छळणारी गोष्ट निराळी होती. ती नेमकी कधी गेली? पाठ पुसताना? वेणीचा पहिला पेड घेताना? बाबा हाकलायला गेले त्या वाक्याला, की स्कूटर सुरू झाली त्या वाक्याला? कुठल्या तरी एका शब्दापर्यंत मी माणसाशी बोलत होते आणि त्यानंतर नव्हते, आणि माझ्या हातांना त्यातला फरक कळला नव्हता. मी ती गोष्ट मनात पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, नायगावच्या पुलावर रिक्षात बसल्यावर. वाटायचं, कुठल्या तरी वाक्याला अडखळायला होईल आणि कळेल की ते इथे. कधीच अडखळायला झालं नाही. गोष्ट दर वेळी घसरत शेवटपर्यंत जायची आणि मला त्या कोंबड्याची भीती वाटायला लागली. तो रोज सकाळी सीटवर बसलेला असायचा आणि मी मागच्या दाराने कॉलेजला जायचे.

वॉर्डात माझं बोलणं बंद झालं. सांगायला तोंड उघडलं की वाटायचं, आधी बघून घ्यावं, आहे ना समोरचा? कोणाला कुशीवर वळवलं की माझे हात थांबायचे. मी वाकून पलीकडून चेहरा बघून यायचे, परत पुसायला लागायचे, परत वाकून बघायचे. एकदा एका आजोबांनी विचारलं, "काय ग, माझ्या पलीकडे काय ठेवलंयस?"

घरीही तेच. आई दुपारी जेवून ओटीवर आडवी व्हायची, भिंतीकडे तोंड करून. मी तिच्या पाठीमागे उभी राहून पदर वरखाली होतो का ते बघायचे. एक दिवस ती न वळताच म्हणाली, "अजून आहे मी. जा, चहाचं आधण ठेव."

मी चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघरात रडले. मला लाज वाटत होती. नर्स होणाऱ्या मुलीला मेलेल्या माणसाची भीती वाटते हे कोणाला सांगायचं? आणि खरं तर मला मेलेल्याची वाटतच नव्हती. जिवंत माणसाच्या पाठीची वाटायची.

त्याच दिवसांत पेशंटना एक्स-रेला नेण्याचं काम माझ्याकडे जास्त यायला लागलं. वॉर्डात मी उपयोगाची राहिले नव्हते हे इनचार्जनी ओळखलं असणार. एक्स-रेच्या दाराबाहेर बाकावर मी बसायचे. आतून टेक्निशियनचा आवाज यायचा, "जोरात श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." मीसुद्धा बाहेर श्वास धरून बसायचे आणि 'सोडा' ऐकलं की सोडायचे. तो नालासोपाऱ्याहून येणारा मनुष्य मोठा गप्पिष्ट होता. एकदा मध्येच त्याचा फोन वाजला आणि तो 'सोडा' म्हणायला विसरला. आतले गृहस्थ इतके आज्ञाधारक की लालबुंद होईपर्यंत धरून उभे. शेवटी त्यांनीच हात वर करून विचारलं, आता घेऊ का म्हणून. सगळा विभाग हसला. मी बाकावर धापा टाकत होते, कारण मीही तेवढा वेळ धरूनच बसले होते.

पण त्या बाकावरच मला पहिल्यांदा वाटलं की आपण हे काम करावं. इथे श्वास चोरून मोजायचा नव्हता. तो उघड मागायचा आणि परत करायचा.

मी घरी विषय काढला, एक्स-रेच्या डिप्लोमाचा. आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि चणे भिजत घातले. दुसऱ्या दिवशी आत्या हजर. "पहिला पेशंट सगळ्यांना लागतो," ती म्हणाली. "माझाही लागला होता. दुसरा येतो, तिसरा येतो, मग पहिल्याचं तोंड आठवत नाही." तिने समजुतीनेच सांगितलं होतं. माझ्या मात्र ते ऐकून अंगावर काटा आला. मला त्या म्हातारीचा चेहरा विसरायचा नव्हता. शेवटच्या क्षणी मी तो बघितलाच नव्हता. आई एवढंच म्हणाली, "आळीत काय सांगू?" मी चिडून म्हटलं, "सांग, तुमची सिस्टर घाबरली." त्यावर दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं.

निर्णय लांबत गेला. मॅडमनी सांगितलं की कम्युनिटी पोस्टिंग करून बघ, वॉर्डाबाहेर मोकळं वाटेल. म्हणून मी गेले. वसई-भिवंडी रस्त्यावर गोडाऊनच्या मागे जी गावं आहेत, तिथे आम्ही दोघी-दोघींच्या जोडीने घरोघर फिरून ब्लड प्रेशर तपासायचो. एका घरात शिरले आणि समोर भिंतीवर फोटो, त्याला हार. डोळे उघडे असल्यामुळे मला ती म्हातारी ओळखायला वेळ लागला. तिचे जागे डोळे मी कधी बघितलेच नव्हते. तोवर लेक आतून आली होती. जवळच्या गोडाऊनात ती पॅकिंगला होती आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती. तिने मला एका नजरेत ओळखलं.

"तू ती ना? आईला पुसनारी?"

मी मान हलवली. माझ्या जोडीदारणीने तिच्या दंडाला पट्टा बांधायला घेतला होता, तो तिने दुसऱ्या हाताने बाजूला केला.

"वेनी तूच घातलीस ना? घरी आनल्यावर बायका म्हनल्या, केस सोडून धुवू. मी म्हनलं, केसांना कोनी हात लावायचा नाय. तशीच नेली तिला." मग ती फोटोकडे बघत म्हणाली, "मी चहाला गेले नि ती गेली. तेच मला लय लागून राहिलंय. पन तू होतीस ना तिच्यासंगं?"

"होते," मी म्हटलं.

"काय बोलत होतीस? पडद्याच्या बाहेर आवाज येत होता तुझा. मी जाताना ऐकला."

मला खोटं सुचलं नाही. मी कोंबड्याची गोष्ट सांगितली. त्या घरात, त्या फोटोसमोर, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तोंडाने. स्कूटर बाजारात पोचली तेव्हा तिने पदर तोंडाला लावला आणि ती हसली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसून तिने विचारलं, "कुठवर ऐकलं असंल ग तिनं?"

माझाच प्रश्न होता. तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मी गारठले. मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, सगळं ऐकलं त्यांनी. आत्याही तेच म्हणाली असती, आणि तिचं चुकलं नसतं. त्या बाईला तेवढंच हवं होतं आणि ते खोटं ठरवायला कोणी येणार नव्हतं. माझ्या तोंडून ते निघेना.

"माहीत नाही, मावशी," मी म्हटलं. "मी पाठ पुसत होते. तोंड पलीकडे होतं."

मग तिने स्वतःच ठरवलं. "गाडीवर बसून गेला, तिथवर ऐकलं असंल. तिला ते आवडलं असतं." आणि तिने दंड पुढे केला.

तिचं समाधान झालं, माझं झालं नाही. परतताना बसमध्ये मला ते स्पष्ट दिसलं. माहीत नसताना 'हो' म्हणून समोरच्याच्या मनावरचं ओझं उतरवणं हेही नर्सचंच काम आहे, आणि फार मोठं आहे. आत्याने ते जन्मभर केलं. मी अशी की मला बघितल्याशिवाय राहवत नाही. आठवड्याभरात मी कॉलेजात नर्सिंग सोडण्याचा अर्ज दिला आणि एक्स-रेच्या डिप्लोमाला नाव घातलं. आत्याला घड्याळ परत करायला गेले तर ती म्हणाली, "ठेव. घड्याळ काय, कुठल्याही कामाला चालतं." तिला वाईट वाटलं होतं, आणि ते तिने लपवलंही नाही.

आता मी नालासोपाऱ्यात एका एक्स-रे सेंटरला आहे. ही गंमत मला आधी कोणी सांगितली नव्हती की छातीचा एक्स-रे काढताना पेशंट पाठमोरा उभा असतो. छाती प्लेटला, हनुवटी वर, हात कमरेवर. मी काचेमागे जाते आणि समोर पुन्हा एक पाठ. दिवसभर पाठीच पाठी. श्वास घ्या म्हणते, धरून ठेवा म्हणते, बटण दाबते, आणि दर वेळी त्या मधल्या क्षणात ती येते. ओली पाठ, पावडरचा वास, हातात केसांचा एक पेड. पेशंटने श्वास सोडून त्याचे खांदे खाली येईपर्यंत ती जात नाही. म्हणून मी 'सोडा' म्हटल्यावर लगेच पुढच्याला हाक मारत नाही. सहकारी म्हणतात, तुझ्याकडे रांग फार हळू सरकते.

मध्यंतरी आईचा खोकला जाईना. मी तिला सेंटरला घेऊन गेले. गाऊन घालून ती प्लेटसमोर उभी राहिली, मला वाटलं होतं त्याहून तिची पाठ अरुंद निघाली. मी काचेमागे गेले. श्वास घे म्हटलं, धरून ठेव म्हटलं, बटण दाबलं. सोड म्हटलं आणि बघत राहिले. काच मध्ये, दिवा मंद, मला खांदे नीट दिसेनात.

"सोडला ग," आई न वळताच म्हणाली.