बेसबॉलच्या प्रदर्शनात बियाणं मिळतं का?

पदक मिळणार नाही हे आधीच ठरलेल्या सामन्यासाठी साताऱ्याहून कर्जतला कशाला जायचं, असं आमच्या ह्यांनी विचारलं आणि दुसऱ्याच मिनिटाला टायरमधली हवा बघायला खाली उतरले. तेव्हाच मी ओळखलं, चाललोय आपण.

माझी धाकटी बहीण सायली पंधरा वर्षं बेसबॉल खेळतेय. यंदा एका आंतरराष्ट्रीय बहुक्रीडा स्पर्धेत बायकांचं बेसबॉल प्रदर्शनीय खेळ म्हणून घेतलं होतं. म्हणजे खेळायचं सगळ्यांसारखंच, पण पदकतक्त्यात नाव नाही. सामना कर्जतजवळ कळंबच्या मैदानावर. गुडघ्याने हात टेकल्यामुळे सायलीचा हा शेवटचा सामना होता.

तिची एक सवय आहे. मैदानात उतरली की आधी प्रेक्षक मोजते. सामना संपल्यावर आई फोनवर विचारते, "किती होते गं?" आणि ही सांगते, "अकरा. त्यात एक पाणीवाला." तिचा विक्रम एक्केचाळीसचा. तेही शेजारच्या कार्यालयातलं वऱ्हाड, पंगतीला उशीर झाला म्हणून येऊन बसलेलं. "ताई, एकदा तरी भरलेलं मैदान बघून थांबायचंय मला," असं ती निघताना म्हणाली होती. ते काही माझ्या डोक्यातून जाईना.

जानेवारीतला शनिवार, पहाटे पाचला निघालो. खोपोलीहून पळसदरीमार्गे कर्जत जवळ पडतं, पण चौकच्या ढाब्यावर मिसळ खायची हा ह्यांचा हट्ट. मिसळ सत्तर रुपये, तर्री मागाल तितकी, आणि खरंच झकास. खाऊन गाडी सुरू केली तर सायलेन्सर खडखडायला लागला. समोरच नजीरभाईंचं गॅरेज होतं. ते गाडीखालूनच बोलत होते.

"कळंबला? प्रदर्शनाला चाललाय वाटतं."

"हो, माझी बहीण आहे त्यात."

"स्टॉल कसला हाय त्यांचा?"

मला काही कळेना. त्यांनी पान्याने नाक्यावरच्या फलकाकडे बोट केलं. मोठ्या अक्षरांत 'आंतरराष्ट्रीय प्रदर्शन', खाली 'कळंब, प्रवेश मोफत', आणि 'बेसबॉल' हा शब्द पार कोपऱ्यात, खिळ्याखाली.

"आमचे गिऱ्हाईक सगळे जाणार हायत," नजीरभाई म्हणाले. "मागल्या खेपेला कृषी प्रदर्शनात भाताचं बियाणं सवलतीत मिळालं होतं."

हे हसून हसून लाल झाले. मला मात्र पुढचं सगळं दिसायला लागलं. माणसं यायची, फसलो म्हणायची आणि सायलीच्या डोळ्यांदेखत उठून जायची. त्यापेक्षा अकरा परवडले.

चौकहून कर्जत आणि पुढे कळंब, रस्ता चांगला आहे, फक्त गतिरोधक न सांगता येतात. मुक्काम एका घरगुती ठिकाणी, दोघांचे जेवणासकट अठराशे. संध्याकाळी पोपटी होती. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात घालून जाळावर भाजतात. थंडीत गेलात तर आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी होत नाही. मला एरवी दोन वाट्या गेल्या असत्या, त्या दिवशी एकच गेली.

रविवारी नऊला मैदानावर पोचलो आणि बघतच राहिले. टेंपो, रिक्षा, मोटरसायकली. माणसं बांधावर, भिंतीवर, मंडपात, आणि प्रत्येकाच्या हातात रिकामी पिशवी. आमच्या शेजारी पोशीरचे एक काका गोणपाट घेऊन बसले होते, सोबत काकू.

"स्टॉल कुठं हायत?" त्यांनी मला विचारलं.

मी खरं ते सांगितलं. बियाणं नाही, खेळ आहे. माझी बहीण खेळणार आहे, तिचा शेवटचा सामना आहे, बसा ना. शेवटचं वाक्य जवळजवळ विनवणीच होती.

काका काकूंकडे बघायला लागले. "आता रिक्षाचं भाडं तर गेलंच हाय," काकू म्हणाल्या. "बसू की. पोरगी कुठली ती तरी दाखवा."

काही लोक उठून गेले, खोटं कशाला सांगू. पण बरेच बसले. निवेदकाने नियम मराठीत समजावले: चेंडू मारायचा, तीन कोपऱ्यांना शिवत परत सुरुवातीच्या जागी यायचं, की झाली धाव.

"फिरून परत तितंच यायचं? मग गेलीच कशाला?" काका.

"आमी दुसरं काय करतो रोज?" काकू म्हणाल्या आणि आसपासच्या सगळ्या बायका हसल्या.

तिसऱ्या डावात सायलीचा फटका रेषेबाहेर गेला, उंच उडाला आणि थेट काकांच्या गोणपाटात पडला. काका तो परत द्यायला धावले. निवेदक म्हणाला, "काका, ठेवा. प्रेक्षकात आलेला चेंडू प्रेक्षकाचा." बातमी बांधावरून पसरली. मग काय, प्रत्येक फटक्याला शंभर पिशव्या वर उघडायला लागल्या.

पाहुण्या संघाने आम्हाला धुतलं, नऊ-एक. पण ती एक धाव सायलीची. शेवटच्या डावात ती तिसऱ्या कोपऱ्यावर होती, मैत्रिणीने चेंडू मारला आणि ही तो दुखरा गुडघा घेऊन सुटली. "पळ गं, पळ गं बाय," काकू उभ्या राहून ओरडत होत्या, अख्खं मैदान ओरडत होतं. धुळीत घसरत तिने सुरुवातीच्या जागेची पाटी शिवली. मी रडले. हे म्हणतात धूळ गेली डोळ्यात, माझ्या नव्हे, त्यांच्या.

निघताना काका म्हणाले, "आता घरी इचारतील, प्रदर्शनातनं काय आणलं. दाखवाया कायतरी हाय."

परतीला सायली आमच्याच गाडीतून आली, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून, सगळा घाट बडबडत. तो सायलेन्सर अजून शाबूत आहे. चौकला गेलात तर नजीरभाईंना नमस्कार सांगा.

साताऱ्याला दारातच आईने नेहमीचा प्रश्न विचारला. "किती होते गं?"

सायली बूट काढता काढता थांबली. माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"अगं आई," ती म्हणाली, "मोजायचंच राहिलं."