तेरेसाआजीला चिनीमातीचा कप, आम्हाला कागदाचा

तेरेसाआजी माझी तोरिनोतली शेजारीण. सत्तरी कधीच ओलांडलेली, समोरच्या घरात एकटी राहते. नोकरीसाठी मी इटलीला गेले तेव्हा मला तिची भाषा येत नव्हती आणि तिला इंग्रजी. मग मी सरळ मराठीतच बोलायला लागले. ती इटालियनमध्ये उत्तर द्यायची. आमचं छान जमलं. यंदा मी गावाला निघाले, तर तिनं स्वतःचं तिकीट काढून माझ्यापुढे ठेवलं!

हैदराबादहून गाडी करून देगलूरमार्गे नांदेड गाठलं. वयस्कर माणूस सोबत असेल तर थंडीतच या, आणि गाडीभाडं परतीसकट आधीच ठरवा. नांदेडला दोन लॉजवाल्यांनी परदेशी बाई बघून हात वर केले, त्यामुळे खोलीचं निघण्याआधीच पक्कं करा. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. गुडघे दुखतात म्हणून तिला बाक दिलं, तर तिनं ते बाजूला सारलं आणि पंगतीत माझ्या शेजारी मांडी घातली.

दुसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर करत चाकूरजवळच्या आमच्या गावी पोहोचलो. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी तिला तुरीचं शेत दाखवलं, ओल्या शेंगा सोलून दिल्या. दोघं आपापल्या भाषेत तासभर बोलत होते. मी मध्ये पडलेच नाही.

संध्याकाळी माजी सरपंचांचं बोलावणं आलं. "मास्तर, पाहुणीला घेऊन या. लोकांना लई नवाई हाय."

गेलो. आधी फोटो. आजीला मधे बसवून सगळ्या घरानं काढले. तिला विचारलं कुणी नाही. मग चहा आला. तिला आणि घरच्यांना फुलाफुलांचे चिनीमातीचे कप. बाबांना आणि मला कागदाचे.

समोरच्या काचेच्या कपाटात कपांची रांग लागली होती. सरपंच तरीही हसून म्हणाले, "कप कमी पडले हो."

या घरातली दोन पोरं बाबांच्या हाताखाली शिकली. आणि बाबा मान खाली घालून तो कागदाचा कप फुंकत होते!

आजीनं स्वतःचा कप बघितला, बाबांचा बघितला, माझा बघितला. मला विचारलं, "पेर्के?" म्हणजे, का?

मी तिला मराठीतच उत्तर दिलं. मोठ्यानं.

"कारण आम्ही बौद्ध आहोत, आजी. आमचं तोंड लागलं तर यांचे कप बाटतात. तू सातासमुद्रापलीकडची, तुझी जात यांना ठाऊक नाही, तरी तू चालतेस. गावाला शिकवणारे माझे बाबा चालत नाहीत."

तिला एक शब्द कळला नाही. बाकी सगळ्यांना कळला. सरपंचीणबाई आत निघून गेल्या. आजीनं भरलेला कप तसाच टीपॉयवर ठेवला, उठली, बाबांचा हात धरला आणि दाराकडे चालू लागली.

वाटेत बाबा माझ्यावरच चिडले. "तू जाशील विमानात बसून. मला हितंच राहायचंय."

माझा राग मात्र गेला नाही, आजही नाही.

परतताना लातूरला सकाळी निलंगा राईस खाल्ला. जरूर खा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिखट, आणि तरी आजीनं दुसरी प्लेट मागितली.

तोरिनोला आल्यावर हे पुण्यातल्या मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "खरंच कप कमी असतील गं." तिच्याशी मी अजून नीट बोललेले नाही. आजीच्या नातीला इंग्रजी येतं. तिच्याकडून आजीनं सगळं समजून घेतलं, आणि दर रविवारी बाबांना फोन लावायला मला बजावलं.

परवा बाबा फोनवर म्हणाले, "सरपंच भेटले स्टँडवर. गैरसमज झाला म्हणले, चहाला या म्हणले."

"मग?"

"म्हणलं, आता तुम्हीच या माझ्या घरी."

"आले?"

"न्हाई आले. पण त्यांच्या घरचा चहा मी सोडला. तेरेसाबाईंना सांग."

मी आजीला सांगितलं. मराठीतच.