दिग्रसजवळचा नाकारलेला गोल

दिग्रसच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. यवतमाळपासून आमची एसटी कापसाच्या गाड्यांमागे रखडत आली होती. पुण्याहून एवढी यातायात केली ती फुटबॉलच्या एका फायनलआधी भाषण ठोकायला. विषय माझा हातखंडा : इंग्लंडच्या एका थोर स्ट्रायकरची कारकीर्द.

न्यायला परसराम आला होता. तांड्यातल्या (बंजारा वस्तीतल्या) फुटबॉल संघाचा तो स्ट्रायकर. पस्तिशीचा गडी, गुडघ्याला पट्टा. मोटरसायकलला त्यानं डाव्या पायानं किक मारली.

"उजवा गुडघा गेला, सर. आजची फायनल शेवटची."

दोन्ही बाजूंना तूर उभी होती आणि रस्ता असा की पाठीचे मणके सुटे व्हावेत. तांड्याच्या नायकानं (प्रमुखानं) मला फेटा बांधला. "आवो, बेसो" (या, बसा) म्हणत ज्वारीची बाटी (भाकरी) आणि झणझणीत ठेचा पुढे केला. डोळ्यांतून पाणी काढत मी सगळं संपवलं.

मग माईक हातात आला आणि मी सुटलो. तो इंग्लंडचा खेळाडू कामगारवस्तीत कसा वाढला, मोठमोठे क्लब मागे लागले तरी गावचाच संघ कसा धरून बसला, मोडल्या गुडघ्यानं मैदानात कसा परतला, सगळं रंगवून सांगितलं. परसरामनं हात वर केला.

"सर, शेवटच्या मॅचमधी गोल मारला का त्यानं?"

"मारला तर!"

"मंग आपल्यालेबी मारा लागते," तो म्हणाला आणि अख्खा तांडा हसला.

सामना शेजारच्या गावाशी होता. परसरामचा संघ एका गोलनं मागे पडला. खेळ संपत आला तशी मला मोबाइलची आठवण झाली. पाठीमागे मैदान धरून मी स्वतःच्या फेट्याचं चित्रण करत बसलो. तेवढ्यात एकच गलका उठला. परसरामनं चेंडू हाणला होता. गोलला जाळी नव्हती, गोलकीपरनं तो रेषेच्या आतून ओढून काढला की बाहेरून, यावर जुंपली होती. पंचालाही ठामपणे सांगता येईना.

तांड्याचा रिवाज असा, की दोन्हीकडचे अडले तर निवाडा पाहुण्यानं करायचा. पाहुणा कुणाच्याच बाजूचा नसतो. त्यानं एकदा शब्द दिला की वाद मिटला. नायक म्हणाले, "साहेब, तुमीच सांगा आता."

मी पाहिलंच नव्हतं. तेवढं बोलायला जीभ रेटली नाही. नाही म्हटलं की माणूस कसा जाणकार दिसतो! मी मान हलवून म्हणालो, "पूर्ण आत गेला नाही."

शिट्टी झाली, तांडा हरला. शेजारचे ढाल घेऊन टेम्पोत बसले आणि वाजतगाजत गेले.

चहा पिता पिता मी ते चित्रण उघडलं. पुढे माझा फेटा, आणि खांद्यामागे चेंडू रेषेच्या चांगला हातभर आत. कुणाला काही न बोलता परतीला निघालो.

स्टँडवर मी परसरामपुढे मोबाइल धरला. "गोल होता हो. चुकलो मी. आत्ता परत जाऊ, माईकवरून सांगतो सगळ्यांना."

त्यानं पाहिलं न पाहिलंसं केलं. "मले मालूम हाय, सर. तुमी तवा फोनात पाहून राह्यलते."

"मग बोलला का नाहीत हो?"

"आपणच बोलावलेल्या पाहुण्याले चारचौघांत खोटं पाडतेत काय? राहू द्या. आता सांगून कायले स्वतःची फजिती करून घेता?"

यवतमाळची गाडी लागली. त्यानं माझी पिशवी वर दिली, हात हलवला आणि लंगडत मोटरसायकलकडे गेला.

पुण्याला येऊन आठवडा झाला. नजर चुकली, वर खोटं बोललो, याची लाज आहेच. पण तो 'राहू द्या' म्हणाला तेव्हा माझ्या जिवात जीव आला होता. त्याची लाज काही केल्या जात नाही.